गाडी ठेवू की बदलू?

"मॅडम, गाडी अजून छान चालते. एकदाही रस्त्यात बंद पडली नाही. पण आता बारा वर्षं झाली. बदलायला हवी का?"

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे थेट कुणी येत नाही. घरात अबोला आहे, झोप लागत नाही, पैशांवरून रोज खटके उडतात म्हणून माणसं येतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत गाडीचा विषय निघतो. फोंड्यात इतकी वर्षं समुपदेशनाचं काम करताना तो इतक्यांदा ऐकलाय, की एका जोडप्याची गोष्ट सविस्तर सांगावीशी वाटते. त्यांनी परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नवरा शाळेत शिक्षक, म्हणून त्यांना सर म्हणते. बायको बांबोळीला परिचारिका, त्यांना ताई.

२०२४ च्या ऑक्टोबरात दोघं आली तेव्हा सरांनी एका नव्या कॉम्पॅक्ट एसयूव्हीचं बुकिंग करून टाकलं होतं, ताईंना न विचारता. ताईंना ते कळलं ते मोबाइलवर आलेल्या पैसे कापल्याच्या मेसेजवरून. दोन आठवडे त्या घरात "जेवायला वाढलंय" याखेरीज एक शब्द बोलला गेला नव्हता.

सरांची बाजू तयार होती. गाडी फेब्रुवारी २०१२ ची, पेट्रोलची छोटी हॅचबॅक, लाल रंगाची. एक लाख अठ्ठावीस हजार किलोमीटर झालेले. गेल्या तीन वर्षांची गॅरेजची बिलं त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणली होती: १८ हजार, २७ हजार, आणि यंदा क्लच प्लेट, लोअर आर्म आणि शॉकअप मिळून ४१ हजार. "विकायला गेलो तर नव्वद हजार देतात, आणि मी एका वर्षात एक्केचाळीस घालतो. आणि पंधरा वर्षांनी तर भंगारातच घालावी लागणार." ताई एवढंच म्हणाल्या, "गाडीला काय झालंय? मुलगा बारावीला आहे. पुढच्या वर्षी फी कोण भरणार?"

मी सरांना विचारलं, गाडी बदलायची हे मनात पहिल्यांदा कधी आलं? साल नको, दिवस सांगा.

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग चवथीचा, म्हणजे गणेश चतुर्थीचा दिवस सांगितला. डिचोलीकडे त्यांचं मूळ घर. धाकट्या भावाने नवी मोठी गाडी आणलेली, बॉनेटवर झेंडूची माळ. आत गणपतीवरची माटोळी, फळाफुलांची मांडणी, बांधून होत होती, अंगणात सगळे गाडीभोवती फोटो काढत होते. हे पोचले तेव्हा कुणीतरी पडवीतून ओरडून सांगितलं, "ती लाल जरा तिथे शेताकडे लाव रे, इथे जागा नाही." चिखलात गाडी लावून, धोतराचा सोगा वर धरून ते घरात आले. बोललेल्याच्या मनात काही नसेलही. पण पुढचे पाच दिवस सरांना आरतीत लक्ष लागलं नाही.

ताईंना हे माहीत नव्हतं. त्या तेव्हा स्वयंपाकघरात नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळत होत्या.

अपमान खरा होता, त्याला मी क्षुल्लक म्हणणार नाही. थोरल्या भावाला शेताच्या कडेला जागा दाखवणं लागतंच. पण त्या एका वाक्याची किंमत अकरा लाख होत होती. कागद काढून आम्ही हिशेब मांडला. गाडी रस्त्यावर येईपर्यंत ११ लाख. तीन लाख मुदतठेव मोडून, आठ लाख कर्ज, ९ टक्के व्याज, सात वर्षं. महिन्याचा हप्ता सुमारे १२,८७०. सात वर्षांत बँकेला १० लाख ८१ हजार जाणार, त्यातलं पावणेतीन लाखांच्या वर निव्वळ व्याज. ज्या ४१ हजारांनी सर घाबरले होते ते तीन हप्त्यांपेक्षा थोडेच जास्त होते.

इथे बहुतेक जण एक चूक करतात. दुरुस्तीचं बिल ते जुन्या गाडीच्या विक्रीच्या किमतीशी ताडून पाहतात. नव्वद हजारांची गाडी, एक्केचाळीस हजारांचं बिल, म्हणजे निम्मी किंमत गेली असं वाटतं. पण गाडी विकली तरी घरी बसणार नाही ना तुम्ही? त्या बिलाची तुलना दुसरी गाडी आणून वर्षभर चालवायला जे लागेल त्याच्याशी व्हायला हवी. आणि नवी गाडी म्हणजे ठेव असं समजू नये. विम्यात पाच वर्षांच्या गाडीची किंमत निम्मी धरतात.

भंगाराची भीतीही तिथेच निस्तरली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपायच्या आधीच्या ६० दिवसांत फॉर्म २५ भरून अर्ज करायचा, आरटीओकडे गाडी तपासून घ्यायची, की मुदत आणखी पाच वर्षं वाढते. पंधरा वर्षांच्या कारसाठी त्याची फी एप्रिल २०२२ मध्ये ५,००० रुपये झाली. गाडी तपासणीत उतरली तर निव्वळ वय झालं म्हणून ती कुणी उचलून नेत नाही. व्हॉट्सॲपवर फिरतं ते दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागातलं प्रकरण. गोव्यात त्यावरून झोप उडवून घेणारे मी किती पाहिलेत!

एवढ्यावर मी थांबले असते तर ताई जिंकल्या असत्या आणि सर हरले असते. तसा निकाल घेऊन गेलेली जोडपी सहा महिन्यांत परत येतात, हे मी पाहिलं आहे. शिवाय ताईंची बाजू अजून तपासायची होती. मी दोघांना एक वही दिली आणि सांगितलं, दोन आठवडे गाडी घराबाहेर पडली की लिहायचं: कुणी चालवली, कुठे गेली, किती वाजता, शेजारी कोण होतं.

वही परत आली तेव्हा सरच गप्प झाले होते. ते शाळेत स्कूटरने जात. गाडी त्यांच्या हातात दोन आठवड्यांत दोनदा, दोन्ही वेळा बाजारासाठी. बाकी सगळ्या ओळी ताईंच्या अक्षरात: म्हार्दोळहून बाणस्तारीचा पूल, जुनं गोवं, बांबोळी, जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. त्यातल्या सहा फेऱ्या रात्री नऊनंतरच्या किंवा पहाटे सहाच्या आधीच्या. आणि "शेजारी कोण" या रकान्यात एकच उत्तर खाली खाली: कुणी नाही.

म्हणजे जी गाडी ताई रोज चालवणार, ती सर स्वतःच्या मनासारखी घ्यायला निघाले होते. ताईंना मोठी गाडी नकोच होती. त्यांच्या घराची वाट दोन गडग्यांमधून जाते, दोन्हीकडे चिरे. लाल गाडीसुद्धा डावा आरसा मिटून आत घ्यावी लागते.

मग मी ताईंना विचारलं, गाडीत एअरबॅग आहेत? एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा? दोन्ही नव्हतं. तेव्हा स्वस्तातल्या मॉडेलला मिळत नसे आणि कायद्याने सक्तीही नव्हती. चालकाची एअरबॅग आणि एबीएस सगळ्या नव्या गाड्यांना बंधनकारक झालं ते २०१९ साली, चालकाशेजारची एअरबॅग त्यानंतर. सर हे ऐकून ताईंकडे बघतच राहिले. आतापर्यंत नव्या गाडीसाठी त्यांनी दहा कारणं दिली होती, त्यात हे नव्हतं. या बाबतीत माझं मत ठाम आहे आणि मी ते लपवत नाही. गाडी गावातल्या गावात, चाळीसच्या वेगाने फिरणार असेल तर जुनी सांभाळा, पैसे वाचवा. पण घरातलं एक माणूस रात्रपाळी करून, दमलेल्या डोळ्यांनी, अवजड ट्रकांच्या रस्त्याने रोज एकटं येत असेल, तर "इंजिन छान आहे" हे उत्तर पुरत नाही.

ताई मात्र अडून बसल्या. फीचा मुद्दा पुन्हा, हप्त्याचा मुद्दा पुन्हा. मला ते कारण पुरं वाटेना, कारण त्यांचा आवाज हिशेबाच्या माणसाचा राहिला नव्हता. चौथ्या भेटीत मी म्हटलं, गाडी गेली तर काय जाईल? त्या म्हणाल्या, "सीट."

ताईंचे वडील डायलिसिसवर होते. आठवड्यातून दोनदा, दीड वर्ष, ताई त्यांना याच गाडीतून न्यायच्या. परतताना त्यांना पाय लांब करून पडून राहायला लागे, म्हणून चालकाशेजारची सीट पूर्ण मागे सरकवलेली आणि पाठ कललेली. वडील जाऊन तीन वर्षं झाली. ती सीट ताईंनी पुढे घेतली नाही. मुलगा मागे बसे तेव्हा दुसऱ्या बाजूला बसे.

सर म्हणाले, "मला वाटायचं ती अडकलीय. मी एकदा मेकॅनिकला ती नीट करायला सांगणार होतो." मग हलक्या आवाजात, "तू बोलली का नाहीस?" ताई म्हणाल्या, "तुम्ही तरी शेताचं कुठे बोललात?"

यानंतर ठरवणं सोपं झालं असं नाही, पण दोघं एकाच बाजूला बसून ठरवू लागली. बुकिंग रद्द झालं. मी सांगितलं, दोघांनी मिळून गाडी रॅम्पवर चढवा आणि खालून बघा. गोव्यात गाडी इंजिनने मरत नाही. खारी हवा, पावसाचे चार महिने आणि तांबडी माती हे गाडीला खालून खातात. इंजिनचं काम करून घेता येतं, पण चासी, म्हणजे खालचा सांगाडा, कुजली की दुरुस्तीला अर्थ राहत नाही. त्यांच्या मेकॅनिकने स्क्रू ड्रायव्हरची मूठ दाराखालच्या पत्र्यावर ठोकत नेली. सगळीकडे टणटणीत आवाज आला, फक्त मागच्या डाव्या चाकाजवळ एका जागी बद्द. तिथे घासून, पत्रा लावून अंडरकोटिंग, म्हणजे खालून गंज रोखणारा लेप, करायचं ठरलं. टायरची नक्षी चांगली होती, पण त्याने कडेवरचे चार आकडे दाखवले: २३१८. २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेले, सहा वर्षांचं रबर, बोट लावलं तर बारीक भेगा. चारही बदलले. ब्रेक पॅड आणि वायपरही. ताईंच्या रात्रपाळीसाठी एवढं लगेच हवंच होतं.

आणि एक गोष्ट मी जवळजवळ प्रत्येक जोडप्याला सांगते, ती यांनाही सांगितली: वर्षभर हप्ता स्वतःलाच भरा. दर महिन्याला १२,९०० वेगळ्या खात्यात, पगार झाल्याच्या दिवशी. जमलं तर हप्ता झेपतो. नाही जमलं तर बँकेच्या नोटिशीआधी कळतं.

सात महिने जमलं. जूनमध्ये मुलाचा फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला प्रवेश आणि जुलैत छपराची गळती, दोन महिने काही पडलं नाही. सर नाराज होऊन सांगायला आले. मी म्हटलं, हेच तर बघायचं होतं. एसयूव्ही घेतली असती तर ते दोन हप्ते छपरातून किंवा फीतून गेले असते. दोघांनी मिळून आकडा काढला की त्यांच्या घराला सहा-सात हजार सुखाने झेपतात. त्याहून जास्त नाही.

२०२५ च्या चवथीला लाल गाडी मूळ घरी गेली. सरांनी ती कुणी सांगायच्या आधी, आपणहून, शेताच्या कडेला फणसाखाली लावली. भावाला त्यांनी त्या रात्री गेल्या वर्षीचं बोलून दाखवलं. भावाला आठवतच नव्हतं. त्याला वाईट वाटलं.

सप्टेंबरच्या २२ तारखेला छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि त्यांनी हेरून ठेवलेली सहा एअरबॅगची हॅचबॅक बरीच स्वस्त झाली. हे त्यांचं नशीब. असा कर उतरेल म्हणून थांबा असं मी कुणालाही सांगणार नाही. साठवलेले पैसे, थोडी ठेव आणि तीन लाखांचं पाच वर्षांचं कर्ज मिळून काम झालं, हप्ता सव्वासहा हजारांच्या आत. गाडी ताईंच्या नावावर घेतली. रंग त्यांनीच निवडला, पांढरा, रात्री लांबून दिसावा म्हणून.

जुनी गाडी द्यायच्या आदल्या संध्याकाळी दोघं अंगणात होती. ताईंनी दार उघडून सीटखालची कांडी वर ओढली, पण सीट हलेना. रुळात तांबडी माती भरून घट्ट बसली होती. सर मागच्या दाराने आत शिरले आणि ताईंनी कांडी धरून ठेवली तशी पाठीमागून दोन्ही हातांनी ढकलत राहिले, तिसऱ्या नेटाला ती पुढे सरकेपर्यंत.