पुणे-मुंबईहून जाण्याजोगी, तंबूत राहायला शांत, झाडीतली तळ्याकाठची जागा कोणती?

पवना धरण डोक्यातून काढून टाका. शनिवारी रात्री तिथे एका काठावरचा डीजे दुसऱ्या काठावर ऐकू येतो.

माझं मत भंडारदऱ्याला. त्यातही धरणाच्या भिंतीपाशी, शेंडी गावाजवळ नको. जलाशयाला वळसा घालून मुरशेत, पांजरे किंवा थेट रतनवाडीकडे जा. रतनवाडीत अमृतेश्वराचं जुनं मंदिर आहे, मागे रतनगड. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे मनाला येईल तिथे तंबू ठोकू नका. गावातल्या कुणाच्या तरी शेतात, विचारून राहा, पिठलं-भाकरीही मिळते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. तलाव बऱ्यापैकी भरलेला असतो, मे महिन्यात मात्र पाणी मागे सरून काठाला नुसता चिखल उरतो. मे अखेर ते जून काजवे बघायला झुंबड उडते, तेव्हा शांतता विसरा.

बुकिंगच्या फोनवर जेवणाचं विचारण्याआधी एकच विचारा: "स्पीकर लावता का?" उत्तर देताना समोरचा अडखळला, तर दुसरी जागा बघा.

आणि तंबू पाण्याला अगदी खेटून नको. पहाटे दवाने कापड ओलं होतं, थंडी हाडात शिरते.