अस्थिकलश आत्ता घेऊ नका, हप्त्यांवर तर नकोच

प्रश्न : वडील जाऊन तीन आठवडे झाले. त्यांची रक्षा अजून दहनगृहातून मिळालेल्या प्लास्टिकच्या डब्यातच आहे. धाकट्या भावाला ते बघवत नाही. त्याने एक मोठा संगमरवरी अस्थिकलश आणि त्यासोबत पितळेच्या तीन छोट्या कलशांचा संच पसंत केला आहे. किंमत अंत्यविधीच्या एकूण खर्चाच्या निम्मी आहे. विक्रेता १२ ‘बिनव्याजी’ हप्ते देतो, रोख दिल्यास ८ टक्के सवलत, तीही याच आठवड्यापुरती. आईला थोडी रक्षा घरी हवी आहे, परदेशातल्या बहिणीला थोडी सोबत न्यायची आहे. बाकीची समुद्रात सोडा, असं बाबांनीच सांगून ठेवलं होतं. मी हप्ते घेऊ की आपत्कालीन निधीतून रोख देऊ?

उत्तर : तुम्ही दोनच पर्याय विचारलेत. मी तिसरा सुचवतो : हा संच घेऊच नका.

तुमच्याच पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य पुन्हा वाचा. बहुतेक रक्षा समुद्रात जाणार आहे. मग तो संगमरवरी कलश पुढची कितीतरी वर्षं कपाटावर रिकामाच राहील, आणि खरे पैसे तर त्याचेच लागताहेत. आधी रक्षेचं काय करायचं ते ठरतं, मग माप, मग कलश. दुकानात हा क्रम उलटा होतो, कारण तिथे समोर वस्तू असते आणि मन हळवं झालेलं असतं. यात विक्रेता लबाडच असतो असं नाही.

आता माप. ढोबळ हिशेब असा, की माणसाच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण ३६ मिलीलीटर जागा लागते. वजन आजारपणाआधीचं धरा. आजारात मांस झडतं, पण रक्षा म्हणजे मुख्यतः भाजून दळलेली हाडं. बाबा ७० किलोंचे असतील तर सुमारे अडीच लीटर. त्यातली आईसाठी आणि बहिणीसाठी काढाल ती मूठ-दोन मुठी. उरलेल्यासाठी पाण्यात विरघळणारा मिठाचा किंवा कागदाच्या लगद्याचा कलश मिळतो. तो संगमरवरापेक्षा बराच स्वस्त असतो. समुद्रात सोडण्याबद्दल तिथले नियम काय आहेत, किनाऱ्यापासून किती अंतर ठेवावं लागतं, हे मात्र आधी विचारून घ्या.

बहिणीसाठी पितळेचा कलश तर अगदीच चुकीचा. जाड धातूतून विमानतळावरच्या क्ष-किरण यंत्राला आतलं दिसत नाही आणि सुरक्षा तपासणीत तो अडकू शकतो. लाकडाची पातळ डबी द्या, सोबत मृत्यूचा दाखला आणि दहनाचा दाखला. विमान कंपनीला आधी कळवणं बरं. म्हणजे तीन छोट्या कलशांपैकी तुमच्या कामाचा निघाला फक्त आईचा एक.

‘बिनव्याजी’चा हिशेब करून बघू. किंमत १०० धरा. रोख दिलेत तर ९२. हप्त्यांनी घेतलंत तर वर्षभरात १००. म्हणजे तुम्ही ९२ उधार घेऊन १०० फेडता, आणि दर महिन्याला मुद्दल कमी होत असल्याने ते ८ दिसतात त्यापेक्षा महाग पडतात : वर्षाला सुमारे १६ टक्के. त्यावर २ रुपये प्रक्रिया शुल्क आधीच कापलं, तर तोच दर २० टक्क्यांच्या आसपास जातो. व्याज आहेच, फक्त ते किमतीच्या पोटात लपवलंय. आपत्कालीन निधीलाही हात लावू नका. घरात मृत्यू झाल्यानंतरचे पहिले सहा महिने त्या निधीची खरी गरज असते. खाती गोठतात, विम्याचे कागद रेंगाळतात, आईच्या औषधांचा खर्च मात्र थांबत नाही.

विक्रेता ‘आजन्म हवाबंद’ झाकणाचे वेगळे पैसे सांगत असेल तर नम्रपणे नको म्हणा. दहनाच्या तापमानाला जे जळायचं ते सगळं जळून जातं. उरतं ते प्रामुख्याने कॅल्शियम फॉस्फेट. ते कुजत नाही, त्याला वास येत नाही. दमटपणाने गोळे होऊ नयेत म्हणून आतली पिशवी घट्ट बांधली आणि साधं फिरकीचं झाकण असलं, की पुरे. त्याच कारणाने घाईसुद्धा नाही. सध्याच्या डब्यात रक्षा महिनोन्महिने सुरक्षित राहील. या आठवड्यात सवलत संपली तर संपू दे.

भावाचं दुःख मला समजतं, आणि त्याला हिशेबाने उत्तर देता येत नाही. तो डबा त्याला बघवत नाही, एवढंच असेल तर आज संध्याकाळी त्यावर बाबांची एखादी शाल किंवा धुतलेला सदरा गुंडाळून ठेवा. भावाला बोलावून दोघांनी मिळून ठेवा.

खर्च कोणी करायचा, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. अंत्यविधीचा वाजवी खर्च मृताच्या मालमत्तेतून वारसांच्या वाटण्यांआधी भागवण्याची तरतूद बऱ्याच देशांच्या कायद्यांत असते. कलश त्यात बसतो का, ते वकिलाला विचारा आणि पावती जपून ठेवा. तुम्ही एकटीने पैसे भरून गप्प बसलात, तर दोन वर्षांनी वाटणीच्या वेळी तेच पैसे बोलायला लागतात.

आणि आईच्या कलशावर नाव कोरून घेणार असाल, तर कोरलेली वस्तू बहुधा परत घेत नाहीत. नाव आणि दोन्ही तारखा आधी कागदावर लिहा, आणि तो कागद आईला वाचायला द्या.