रताळ्याचा पाला खाता येतो का? शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तर

बचत गटातल्या काही ताईंनी आणि दोन-तीन शेतकरी भावांनी एकच विषय वेगवेगळ्या तऱ्हेने विचारला आहे. रताळ्याचा पाला आम्ही बकऱ्यांना टाकतो, तो माणसाने खाल्ला तर चालतो का? देठ तोडलं की पांढरा चीक निघतो, मग विषारी तर नाही ना? या भाजीने रक्त वाढतं म्हणतात, ते खरं का? आणि पाला तोडला तर खाली रताळी बारीक राहतात का?

पाला खाता येतो, खुशाल खा. फिलिपिन्स, तैवानकडे ही रोजची भाजी आहे. आपण तरोटा खातो, चिवळ खातो, अंबाडी खातो, आणि रताळ्याचा पाला मात्र धुऱ्यावर फेकतो, तो निव्वळ सवय नाही म्हणून.

रताळ्याच्या वेलाचा चीक विषारी नाही. भाजी शिजवूनच खायची, एवढं पाळा. पण पानं ओळखायला चुकू नका. नाल्याच्या काठाने बेशरम माजलेली असते, ती रताळ्याच्याच कुळातली. पान तसंच बदामी, फूल तसंच जांभळट गुलाबी भोंग्यासारखं, चीकही तसाच पांढरा. फरक असा की बेशरमीचं झुडूप पोकळ दांड्यावर उभं वाढतं आणि रताळ्याचा वेल जमिनीवर सरपटतो. बेशरम खाऊन बकऱ्या दगावतात. म्हणून पाला आपण स्वतः लावलेल्या वेलाचाच तोडा, नाल्यावरून आणू नका. आणि इंग्रजीत रताळ्याला 'स्वीट पोटॅटो' म्हणतात म्हणून नावात साम्य वाटलं तरी बटाट्याचा पाला खायचा नाही, तो विषारी असतो.

आता रक्ताचं. १०० ग्रॅम कच्च्या पाल्यात लोह साधारण १ मिलिग्रॅम असतं. बाईमाणसाची रोजची गरज धरली जाते २९ मिलिग्रॅम. हिशोब तुम्हीच करा. अंगात रक्त कमी असेल तर आशाताईंनी दिलेल्या गोळ्या चालूच ठेवा, भाजीवर विसंबून त्या सोडू नका. लोह आणि कॅल्शियम हवं असेल तर शेवग्याचा पाला याच्या कितीतरी पुढे आहे.

मग रताळ्याच्या पाल्याची ताकद कशात? १०० ग्रॅममध्ये सुमारे ५ ग्रॅम तंतू, अडीच ग्रॅम प्रथिनं, ५०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम. शिवाय शरीरात ज्याचं अ जीवनसत्त्व होतं ते बीटा कॅरोटीन, आणि डोळ्यांच्या पडद्याला लागणारं ल्युटीन भरपूर. ही दोन्ही तेलात विरघळतात, म्हणून नुसती उकडून न खाता फोडणी द्या. पोट साफ राहायला आणि साखरेच्या पेशंटच्या ताटात चांगली भाजी आहे, पण तिने शुगर बरी होते असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका.

काही जणांनी मात्र जपून खावी. ज्यांना मुतखडा होतो त्यांनी, कारण पाल्यात ऑक्झलेट असतं. उकळून पाणी टाकून दिलं तर ते बरंच कमी होतं. किडनीच्या आजारात पोटॅशियम वर्ज्य सांगितलं असेल त्यांनी, आणि रक्त पातळ करायची वॉरफेरिनची गोळी चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये. या पाल्यात के जीवनसत्त्व खूप आहे, ते त्या गोळीच्या उलट काम करतं.

भाजीला वेलाचे कोवळे शेंडे घ्या, वीतभर. देठ नखाने तुटला पाहिजे. जून पान चोथ्यासारखं लागतं. आपल्याकडच्या डाळभाजीत पालकाच्या जागी हा पाला घाला. तुरीची डाळ, थोडे शेंगदाणे, लसणाची फोडणी, वरून लिंबू. लिंबाने भाजीतलं लोह अंगी लागतं. बेसन लावून सुकी भाजीही ज्वारीच्या भाकरीसोबत चांगली लागते. पान किंचित बुळबुळीत असतं, झाकण न ठेवता परता.

उत्पादनाचं म्हणाल तर होय, शेंडे वारंवार खुडले तर रताळी बारीक राहतात. कंदाला अन्न पानंच पुरवतात. म्हणून महाशिवरात्रीच्या बाजारासाठी लावलेल्या वेलांना हात लावू नका. पाल्यासाठी परसबागेत वेगळा वाफा करा: ३-४ डोळ्यांचे वेलाचे तुकडे वीतभर अंतरावर, शेणखत चांगलं. महिना-सव्वा महिन्याने पहिला खुडा मिळतो, पुढे दोन-तीन आठवड्यांनी फुटवा येत राहतो. माझ्या मते खरा फायदा उन्हाळ्यात आहे. आपल्याकडच्या उन्हात मेथी-पालक टिकत नाही, हा वेल पाणी मिळालं की तग धरतो.

वाफा कपाशीच्या वावराला लागून नको. फवारणीचं औषध वाऱ्याने पाल्यावर येतं आणि नुसतं धुऊन सगळं निघत नाही. मोनोक्रोटोफॉस तर भाजीपाल्यावर वापरायला बंदीच आहे. पानाला चार भोकं पडली तर पडू द्या.

एका भावाने बकऱ्यांचंही विचारलं आहे. उरलेला वेल त्यांना द्या, पण भुकेल्या पोटी एकदम ढीग टाकू नका, कडब्यात मिसळून द्या. सडकी, बुरशी लागलेली रताळी मात्र गाई-म्हशींसमोर टाकू नका; त्यातल्या विषाने फुफ्फुस सुजून जनावर दगावतं. तसा माल खोल खड्ड्यात पुरा.