सातबाऱ्याच्या पीडीएफवर ‘व्हॅलिडिटी अननोन’ येतंय. उतारा खोटा आहे का?

खोटा असेलच असं नाही. पिवळ्या प्रश्नचिन्हाचा अर्थ एवढाच की डिजिटल सहीची साखळी (सही करणाऱ्याच्या प्रमाणपत्राची हमी कुणाची, त्या हमीदाराची हमी कुणाची) ज्या मूळ प्रमाणपत्रापर्यंत जाते, ते तुमच्या अ‍ॅडोब रीडरच्या विश्वासाच्या यादीत नाही. सहीनंतर फाइल बदलली का, हे सिग्नेचर पॅनेलमध्ये वेगळ्या ओळीत लिहिलेलं असतं. ती ओळ आधी वाचा.

आता तो सगळीकडे फिरणारा उपाय. सिग्नेचर प्रॉपर्टीज, शो सायनर्स सर्टिफिकेट, ट्रस्ट, अ‍ॅड टू ट्रस्टेड सर्टिफिकेट्स, आणि आली हिरवी खूण! येणारच. याच्यावर विश्वास ठेव असं तुम्हीच सांगितलंत ना? रीडरमध्ये कुणीही स्वतःचं सर्टिफिकेट बनवून नावाच्या जागी ‘तलाठी’ लिहू शकतो, आणि याच उपायाने त्यालाही हिरवी खूण मिळते. हा उपाय शिकवणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. याला पडताळणी म्हणत नाहीत.

सर्टिफिकेटच्या खिडकीत डावीकडे साखळी दिसते: वर ‘सीसीए इंडिया’ (अशी प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थांवरचा सरकारी नियंत्रक) आणि वर्ष, मध्ये परवानाधारक सीए, म्हणजे प्रमाणपत्र देणारी संस्था, तळाशी सही करणारा. ‘इश्यूड बाय’मध्ये सही करणाऱ्याचंच नाव असेल तर तो उतारा बाजूला ठेवा. पण ‘सीसीए इंडिया’ हे नावही कुणी टाकू शकतं. म्हणून सीसीएच्या संकेतस्थळावरून मूळ प्रमाणपत्र स्वतः उतरवा आणि डिटेल्समधला एसएचए-1 डायजेस्ट (प्रमाणपत्राचा ठसा म्हणावा अशी अक्षरं-आकड्यांची ओळ) त्याच्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. जुळला तर साखळीतली सगळ्यात वरची ओळ निवडून मगच ट्रस्ट करा. तळाच्या अधिकाऱ्यावर ट्रस्ट केलंत तर पुढच्या अधिकाऱ्याच्या सहीवर पुन्हा प्रश्नचिन्ह. रिव्होकेशनचा टॅबही बघा, प्रमाणपत्र रद्द झालेलं असू शकतं.

मोबाइलवरचे बरेच पीडीएफ व्ह्यूअर सही तपासतच नाहीत, तिथली खूण नुसतं चित्र असू शकते. प्रिंट, स्क्रीनशॉट किंवा ‘प्रिंट टू पीडीएफ’ केलं की सही गेली. तरी बँकेतले साहेब प्रिंटच मागतात, वर शिक्काही! कागदच हातात असेल तर त्यावरचा पडताळणी क्रमांक महाभूमीच्या संकेतस्थळावर टाकून बघा.

साखळीही अभेद्य नाही म्हणा. जुलै 2014 मध्ये एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेकडून गुगलच्या डोमेनची अनधिकृत प्रमाणपत्रं निघाली होती, आणि सीसीएला एनआयसीची मधली प्रमाणपत्रं रद्द करावी लागली.

शिवाय खरी सही म्हणजे ताजा उतारा नव्हे. सहीच्या तारखेनंतरचा फेरफार त्यात नसतो. जमीन घेत असाल तर समोरच्याने पाठवलेली फाइल तपासत बसू नका, 15 रुपये भरून स्वतः नवा उतारा काढा.