यकृताच्या ऑपरेशननंतरचा ताप: स्कॅन वाचताना

यकृताचा तुकडा काढल्यावर कापलेल्या कडेला थोडं पाणी साचतंच. ते दिसलं की लगेच रिपोर्टमध्ये ‘पू’ लिहू नकोस.

ताप असेल, पांढऱ्या पेशी वाढल्या असतील, तर आधी पलंगाशीच सोनोग्राफी कर. ड्रेसिंग आणि आतड्यातला गॅस आड येतात, म्हणून शंका उरली तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) बघून कॉन्ट्रास्ट सीटी, म्हणजे शिरेतून औषध देऊन काढलेला स्कॅन. पोर्टल फेज, म्हणजे औषध यकृताच्या पोर्टल शिरेत पोहोचतं ती वेळ, इंजेक्शननंतर साधारण 70 सेकंदांना. पाण्याभोवती उजळलेली कड, आत हवा-पाण्याची सरळ रेषा दिसली की सर्जनला फोन कर. रिपोर्ट टाइप व्हायची वाट बघू नकोस.

बुडबुड्यांनी मात्र मी एकदा फसले होते. रक्त थांबवायला ठेवलेल्या सेल्युलोजच्या घडीत हवा अडकते आणि हुबेहूब गळू वाटतं. त्यात बुडबुडे बहुधा एकाच जागी दाटीवाटीने बसलेले असतात, आणि पुढच्या स्कॅनलाही तिथेच. म्हणून ऑपरेशनची नोट वाचल्याशिवाय स्कॅन उघडूच नकोस.

तरी खात्री सुईनेच होते. काढलेलं पाणी कल्चरला (जंतू वाढतात का ते बघायला) पाठव, आणि त्यातलं बिलिरुबिन, म्हणजे पित्तातलं पिवळं द्रव्य, तेही तपासून घे. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी किंवा पुढे ते रक्तातल्याच्या तिप्पट किंवा जास्त असेल, तर पित्त गळतंय.