चाळीस वर्षांतून एकदा

प्रश्न : मी दुपारी तुर्की मालिका बघते. त्यात आजी नातवाला म्हणते, ‘चाळीस वर्षांतून एकदा येतोस!’ नातू तर जेमतेम विशीतला. मग हा वाक्प्रचार आला कुठून? — एक वाचक, मिरज

उत्तर : आजी हिशेब मांडत नाहीये हो, टोमणा मारतेय. ‘कर्क यिल्दा बिर’ म्हणजे चाळीस वर्षांत एक वेळ. अर्थ एवढाच की कधी नव्हे ते. त्यामागे चाळीस वर्षांनी घडलेली एखादी गोष्ट शोधू नका. तुर्कीत चाळीस म्हणजे ‘पुष्कळ’. गोष्टीतल्या राजपुत्राचं लग्न चाळीस दिवस, चाळीस रात्री चालतं. गोमेसारख्या किड्याचं नावच ‘कर्कायाक’, चाळीसपायी. आणि पाजलेल्या एका कप कॉफीची आठवण चाळीस वर्षं ठेवावी, अशी म्हणही आहे.

या आकड्याला वजन आलं ते रीतीभातींतून. बाळंतिणीचे चाळीस दिवस, मृत्यूनंतरचा चाळिसावा दिवस, दरवेशांचा चाळीस दिवसांचा एकांत. प्रेषित महंमदांना पहिला साक्षात्कार झाला तोही चाळिशीत, असं मानतात. तुम्ही मिरजेच्या, चाळिसावा तुमच्या कानावरून गेला असेलच.

‘कधीच नाही’ म्हणायचं असेल तर तुर्क वेगळं बोलतात : मासा पॉप्लरच्या झाडावर चढेल तेव्हा.

आपण मात्र पंचांग उघडून बसणारे. ‘कपिलाषष्ठीचा योग’ म्हणायला भाद्रपद वद्य षष्ठी हवी, वार मंगळवार, नक्षत्र रोहिणी, व्यतिपात योग, शिवाय सूर्य हस्तात! एवढं सगळं जुळायला साधारण साठ वर्षं लागतात म्हणे. मला विचाराल तर तुर्कांचा चाळीसचा ढोबळ आकडा बोलायला सुटसुटीत.

आमच्या वाईत बारा वर्षांनी कन्यागत येतं, गुरू कन्या राशीत गेला की. २०१६ला कृष्णेच्या घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी फोनही न करणारा सासूबाईंचा भाचा पुण्याहून स्नानाला हजर. ओल्या धोतराचा पिळा हातात घेऊन तो पाया पडायला वाकला, तर सासूबाई म्हणाल्या, “कन्यागत आलं म्हणून तू आलास, का तू आलास म्हणून कन्यागत?” तो हसत म्हणाला, “मामी— चुकलो, आत्या, आता २०२८ला येतोच!”