रक्त तपासून अल्झायमर कळतो का?

आईला सत्तरीत विसर पडायला लागलाय, रक्तावरून अल्झायमर कळेल का, असं तुम्ही विचारलंय. बराच अंदाज येतो, पण नुसत्या तेवढ्यावर निदान होत नाही. या आजारात मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचतं आणि टाऊ नावाच्या प्रथिनाला जादा फॉस्फेट चिकटतं. अशा टाऊचाच एक प्रकार, पी-टाऊ २१७, रक्तात सापडतो. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि चाचण्यांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने) त्यावर आधारलेल्या रक्तचाचणीला मान्यता दिली, तीही पंचावन्न वर्षांपुढच्या, लक्षणं दिसणाऱ्यांसाठीच. मूत्रपिंड बिघडलं असेल तर पी-टाऊचा आकडा त्यामुळंही वाढतो, तेव्हा तसं काही असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगा.

त्याआधी बी-१२ आणि थायरॉइड मात्र तपासून घ्याच. माझी आत्या कोल्हापुरात महाद्वार रोडवर भाजीची पिशवी घेऊन उभी होती, गंगावेशीला कुठून जायचं तेच आठवेना. पन्नास वर्षं तिथंच राहते ती! घरात सगळ्यांनी ‘वय झालं’ म्हणून सोडून दिलं होतं, याचं मला आजही वाईट वाटतं. बी-१२ अगदी तळाला गेलेलं निघालं. इंजेक्शनं सुरू झाली आणि तीनेक महिन्यांत ती पुन्हा रंकाळा तलावावर एकटी फिरायला जाऊ लागली. सगळ्यांना इतका फरक पडतो असं नाही, पण आईची ही तपासणी याच आठवड्यात करा.